आकाशाची रोजकीर्द

१८४९ सालच्या हिवाळ्यांत हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणांतील जेम्स निकोल्सन हा अधिकारी बिहारच्या सपाट मुलुखांतून फिरत होता. त्याच्याजवळ एक थिओडोलाइट यंत्र होतें आणि एक वही होती. नेपाळच्या क्षितिजावर स्वच्छ हवेंत दिसणाऱ्या एका दूरच्या हिमशिखराचे कोन त्यानें सहा ठाण्यांवरून मोजले व वहींत उतरवून घेतले. शिखर दीडशें किलोमीटरांहून अधिक दूर होतें. कागदपत्रांत तें 'शिखर पंधरावें' एवढ्याच नांवानें ओळखलें जाई. पुढें राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञानें ते कोन हातीं घेतले, हवेच्या थरांतून येतांना प्रकाशकिरण किती वांकतो याचा हिशेब केला, आणि हें जगांतील सर्वांत उंच शिखर असल्याचें १८५२ सालीं गणितानें दाखविलें. १८५६ सालीं २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली. शिखरावर तोंवर कोणाचेंहि पाऊल पडलें नव्हतें.

मोजणारा एकीकडे, गणित करणारा दुसरीकडे आणि शिखर तिसरीकडे, अशा स्थितींत या तिघांना जोडणारी वस्तु एकच होती. ती म्हणजे वही. 'शिखर फार उंच दिसतें' असा आपला अभिप्राय निकोल्सननें तींत लिहून ठेवला असता, तर सिकदारांना त्याचा काडीइतकाहि उपयोग झाला नसता. वहींत प्रत्यक्ष मोजलेले कोन होते, म्हणूनच दुसऱ्या माणसाला दुसऱ्या ठिकाणीं बसून त्यांवर अधिक चांगलें गणित करतां आलें.

थिओडोलाइटच्या जागीं आतां उपग्रहांचे संकेत टिपणारें ग्राहकयंत्र आलें आहे. वहीची गरज मात्र गेलेली नाहीं. ती वही कागदाची नाहीं, यंत्राच्या स्मृतींत आपोआप भरत जाते, इतकाच फरक. तिला भूमापक मंडळी 'रॉ डेटा' म्हणतात. मराठींत तिला मूळ नोंद म्हणतां येईल. परंतु व्यापाऱ्याच्या पेढीवर तिच्यासाठीं याहून नेमका शब्द पूर्वीपासून आहे, तो म्हणजे रोजकीर्द.

पेढीवर दोन वह्या असतात. रोजकीर्दींत दिवसभराचा प्रत्येक व्यवहार घडल्या क्रमानें लिहिला जातो. खतावणींत त्यावरून प्रत्येकाच्या नांवें काय देणें, काय घेणें, तें निघतें. खतावणींतील बाकी पाहून माणूस आपलें काम करतो. पण तंटा उभा राहिला, किंवा हिशेबतपासनीस आला, म्हणजे पहिली मागणी रोजकीर्दीची होते. आज घरोघरीं असलेल्या फोनमध्यें नकाशावर जो निळा ठिपका दिसतो, ती खतावणींतील बाकी आहे. फोन आंतल्या आंत हिशेब करतो, उत्तर दाखवितो आणि ज्या आंकड्यांवरून तो हिशेब केला ते सामान्यतः टाकून देतो. रस्ता शोधणाऱ्याला तेवढें पुरतें. ज्याला जमिनीची हद्द ठरवावयाची आहे, धरणाची भिंत किती हलली तें पाहावयाचें आहे, किंवा पर्वताची उंची सांगावयाची आहे, त्याला मात्र तेवढ्यावर भागवून चालत नाहीं.

ही आकाशाची रोजकीर्द कशी लिहिली जाते हें समजण्यासाठीं उपग्रहांकडून काय येतें तें पाहिलें पाहिजे. आज चालू असलेल्या व्यवस्थांपैकीं अमेरिकेच्या जी. पी. एस.चा पहिला उपग्रह १९७८ सालीं सोडण्यांत आला, आणि १९९५ सालीं ती व्यवस्था पूर्णपणें सिद्ध झाली. रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ व चीनची बैदू या तिच्या जोडीच्या व्यवस्था होत. भारताची नाविक ही या देशापुरती व आसपासच्या प्रदेशापुरती आहे. जी. पी. एस.चे उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून सुमारें बारा तासांत एक प्रदक्षिणा पुरी करतात. प्रत्येकांत अणुघड्याळ असतें. उपग्रह अखंड सांगत असतो कीं, या क्षणीं माझ्या घड्याळांत इतके वाजले आहेत आणि माझी कक्षा अशी आहे. तो संकेत जमिनीवर पोंचावयास सेकंदाच्या दहाव्या हिश्शाहूनहि कमी वेळ लागतो. निघाल्याची वेळ व पोंचल्याची वेळ यांतील फरकाला प्रकाशाच्या वेगानें गुणिलें म्हणजे अंतर निघतें.

रीति सोपी, अडचण घड्याळाची. प्रकाश एका सेकंदाच्या अब्जाव्या भागांत सुमारें एक फूट जातो. उपग्रहांतील घड्याळ उत्तम असलें तरी ग्राहकयंत्रांतील घड्याळ साधेंच असतें, आणि त्याची किंचित् चूक अंतरांत मैलांनीं वाढते. म्हणून अक्षांश, रेखांश व उंची या तीन अज्ञातांच्या जोडीला घड्याळाची चूक हें चौथें अज्ञात धरावें लागतें, आणि चार अज्ञातांसाठीं निदान चार उपग्रह लागतात. याशिवाय वाटेंतील अडथळे आहेतच. वातावरणाच्या वरच्या, विद्युद्भारित थरांत संकेताची गति बदलते. खालच्या थरांतील बाष्पामुळें त्याला उशीर लागतो. जवळची भिंत किंवा पत्र्याचें छप्पर त्याला परतवून दुसऱ्या वाटेनें पाठवितें. या साऱ्यामुळें नुसत्या संकेतावरून निघालेलें स्थान मोकळ्या मैदानांतहि कांहीं मीटरांनीं चुकतें.

तेव्हां भूमापक सेंटिमीटरांच्या गोष्टी कोणत्या आधारावर करतो? त्याचें उत्तर संकेत वाहून आणणाऱ्या तरंगांतच आहे. जी. पी. एस.च्या मुख्य लहरीची कंपनसंख्या १५७५.४२ मेगॅहर्ट्झ असून तिच्या एका तरंगाची लांबी सुमारें एकोणीस सेंटिमीटर असते. चांगलें ग्राहकयंत्र या तरंगाचा शंभरावा भाग, म्हणजे सुमारें दोन मिलिमीटर, ओळखूं शकतें. मात्र येथें एक गंमतीचा पेंच आहे. कापडाच्या दुकानांत गुमास्ता गजानें कापड मोजीत असतां एखादें गिऱ्हाईक मध्येंच आंत आलें, तर शेवटच्या गजावर कापड कोठें पोंचलें आहे तें त्याला सुतासुतापर्यंत स्पष्ट दिसतें; परंतु आपण येण्यापूर्वी किती पुरे गज मोजून झाले, हें त्याला ठाऊक नसतें. ग्राहकयंत्राची स्थिति नेमकी त्या गिऱ्हाइकासारखी असते. तरंगाचा अपुरा अंश त्याला अचूक कळतो, आणि यंत्र चालू झाल्यापासून पुढें किती तरंग वाढले वा घटले हेंहि तें मोजीत राहतें. आरंभींच्या पुऱ्या तरंगांची संख्या मात्र त्याला कळत नाहीं.

ही संख्या पूर्णांकच असली पाहिजे, अर्धा-पाव असूं शकत नाहीं, हाच तिला शोधण्याचा धागा. उपग्रह आकाशांत सरकत जातो तसतशी भूमिति बदलते. चुकीची संख्या धरली असेल तर कांहीं वेळानें हिशेब जुळेनासा होतो, आणि अखेर एकच संख्या टिकते. म्हणून यंत्र एका जागीं स्थिर ठेवून दीर्घ काळ नोंद घ्यावी लागते. मध्येंच झाडाची फांदी आड आली आणि संकेत क्षणभर तुटला, तर गुमास्त्याचें लक्ष चुकल्याप्रमाणें मोजणी खंडित होते व पुढचा हिशेब नव्यानें लावावा लागतो. ही खोट केवळ अखेरचा आंकडा पाहून कधींच उमगत नाहीं. क्षणाक्षणाची नोंद जवळ असेल तर ती कोठें झाली तें बोट ठेवून दाखवितां येतें.

दुसरी युक्ति दोन यंत्रांची. एक यंत्र ज्ञात ठिकाणीं ठेवावें, दुसरें अज्ञात ठिकाणीं, आणि दोघांनीं त्याच क्षणीं तेच उपग्रह टिपावे. गांवचें घड्याळ दहा मिनिटें मागें असलें तरी त्यावरून निघालेल्या दोन वाटसरूंच्या निघण्यांतील अंतर बरोबरच येतें. तसेंच उपग्रहाच्या घड्याळाची चूक दोन्ही यंत्रांच्या नोंदींत सारखीच असते, आणि एकींतून दुसरी वजा करतांच ती नाहींशी होते. यंत्रें जवळजवळ असतील तर वातावरणाची चूकहि बव्हंशीं जाते. अमेरिकेंतील चार्ल्स काउन्सेलमन व त्यांचे सहकारी यांनीं या तत्त्वावर 'मॅक्रोमीटर' नांवाचें यंत्र बनविलें, तें १९८२ च्या सुमारास भूमापकांच्या हातीं आलें. त्या काळीं जी. पी. एस. ही मुख्यतः सैन्यासाठीं उभारली जात होती. पुढें २ मे २००० पर्यंत तर नागरिकांसाठींच्या संकेतांत अमेरिकेचें सरकार जाणूनबुजून चूक मिसळीत असे, आणि सामान्य माणसाचें स्थान शंभर मीटरांपर्यंत ढळे. तरीहि त्याच वर्षांत भूमापक सेंटिमीटरांपर्यंत अचूक काम करीत होते. कारण ती मिसळलेली चूकहि दोन्ही यंत्रांच्या नोंदींत सारखीच येई, आणि वजाबाकींत निघून जाई. मूळ नोंद हातीं असल्याचा हा पहिला मोठा लाभ.

परंतु दोन यंत्रें दोन कंपन्यांचीं असलीं तर? प्रत्येक कंपनी आपली नोंद आपल्याच सांकेतिक लिपींत ठेवी. एकीची वही दुसरीला वाचतां येत नसे. १९८९ सालीं युरोपांत एका मोठ्या मोजणीसाठीं चार कंपन्यांचीं साठांहून अधिक यंत्रें एकाच वेळीं लावण्यांत आलीं, तेव्हां हा प्रश्न तांतडीचा झाला. स्वित्झर्लंडमधील बर्न विद्यापीठाच्या ज्योतिषसंस्थेंतील वेर्नर गुर्टनर यांनीं त्यासाठीं सर्वांना सामाईक असा एक नमुना तयार केला. त्याचें नांव 'रायनेक्स'. त्यांत गूढ असें कांहीं नाहीं. ती साध्या अक्षरांत व आंकड्यांत लिहिलेली वही आहे, आणि कोणालाहि ती उघडून वाचतां येते. आरंभीं यंत्र कोणतें, अँटेना कोणती, ती खुणेच्या किती वर होती, ठाणें अंदाजें कोठें आहे, हें असतें. त्यानंतर क्षणामागून क्षण, कधीं दर सेकंदाला, कधीं दर पंधरा वा तीस सेकंदांनीं, दिसत असलेल्या प्रत्येक उपग्रहाच्या नांवापुढें संकेतावरून काढलेलें अंतर, तरंगांची मोजणी, संकेताची तीव्रता असे रकाने असतात. 'यंत्र येथें होतें' असें त्यांत कोठेंहि ठामपणें म्हटलेलें नसतें. काय ऐकूं आलें, एवढेंच लिहिलेलें असतें.

अशी नोंद चांगली व्हावी म्हणून मोजणीदाराला जी दक्षता घ्यावी लागते ती ऐकावयास साधी वाटते. जागा अशी निवडावी कीं डोक्यावर आकाश मोकळें असेल. उंच भिंती, पत्र्याचीं छपरें, दाट झाडी जवळ नसावी. जमिनींत पक्क्या बसविलेल्या खुणेवर तिपाई उभी करावी, पाय घट्ट रोवावे, ओळंबा खुणेच्या मध्यावर आणावा, पाणसळ पाहून अँटेना समतल करावी. मग खुणेपासून अँटेनापर्यंतची उंची मोजावी, ती उभी मोजली कीं तिरकी तें लिहावें, आणि काम संपल्यावर ती पुन्हां मोजावी. क्षितिजालगतचे उपग्रह हवेच्या जाड थरांतून बोलतात, त्यामुळें त्यांचे आंकडे गढूळ असतात. पण नोंद घेतांना त्यांनाहि घेणें हिताचें. नंतर गाळतां येतें, न घेतलेलें मात्र परत आणतां येत नाहीं. ठाण्यांतील अंतर थोडें असेल तर अर्धा-पाऊण तास पुरतो, अधिक असेल तर कित्येक तास लागतात. तेवढा वेळ कांहीं न करतां बसून राहणें हेंच काम. एखादी शेळी तिपाईशीं अंग घासून गेली तरी सबंध सकाळ वायां जाऊं शकते.

या साऱ्यांत अँटेनाच्या उंचीचें महत्त्व विशेष आहे. आकाशांतून येणारी प्रत्येक गोष्ट यंत्र स्वतः टिपतें, पण आपण जमिनीपासून किती वर उभे आहों हें त्याला कळण्याचा मार्ग नाहीं. तें माणसानेंच सांगावें लागतें. माणसानें १.५३ च्या जागीं १.३५ लिहिलें, तर बाकीची वही कितीहि निर्दोष असली तरी उत्तर अठरा सेंटिमीटरांनीं चुकतें, आणि तें चुकलेलें उत्तरहि बरोबर उत्तराइतकेंच सुबक दिसतें. मात्र मूळ नोंद आणि सोबतचा हस्तलिखित कागद जपलेला असेल, तर वर्षांनंतरहि कोणी तो कागद पाहून आंकडा सुधारूं शकतो व सारें गणित पुन्हां करूं शकतो. केवळ अखेरचें उत्तर जपलें असेल तर चूक कायमची त्याच्यांत मुरते.

गणित पुन्हां करण्याला आणखीहि एक कारण आहे. उपग्रह आपली जी कक्षा त्या क्षणीं सांगतो ती भाकिताची असते. तींत सुमारें एक मीटरपर्यंत फरक असूं शकतो. 'इंटरनॅशनल जी. एन. एस. एस. सर्व्हिस' ही संस्था १९९४ सालापासून जगभर पसरलेल्या शेंकडों कायम ठाण्यांच्या नोंदी गोळा करते. भारतांत बंगलोर व हैदराबाद येथें अशीं ठाणीं आहेत. या नोंदींवरून उपग्रह खरोखर कोठें होते याचा हिशेब ती सुमारें दोन आठवड्यांनीं प्रसिद्ध करते, आणि त्यांतील चूक दोन-तीन सेंटिमीटरांपेक्षां अधिक नसते. ज्याच्याजवळ त्या दिवसाची रोजकीर्द आहे तो ही सुधारलेली कक्षा घेऊन आपलें स्थान अधिक चोख काढूं शकतो. ज्यानें नुसता आंकडा लिहून घेतला, त्याला ती कक्षा मिळूनहि तिचा उपयोग नाहीं.

या नोंदींचें मोल किती असूं शकतें तें नेपाळांत दोनदां दिसून आलें.

२५ एप्रिल २०१५ रोजीं, दुपार व्हावयास कांहीं मिनिटें असतां, नेपाळांत ७.८ प्रतीचा भूकंप झाला. सुमारें नऊ हजार माणसें दगावलीं. काठमांडूचा धरहरा हा उंच मनोरा कोसळला. हिमालयाच्या पोटांतील ताण मोजण्यासाठीं नेपाळचें खाण व भूगर्भ खातें आणि कॅलिफोर्नियाची 'कॅलटेक' ही संस्था यांनीं त्यापूर्वींच तेथें ग्राहकयंत्रें बसविलेलीं होतीं. त्यांतील कांहीं दर सेकंदाला पांच वेळां नोंद घेत होतीं. भूमि हालत असतांनाहि तीं लिहीत राहिलीं. नंतर शास्त्रज्ञांना त्या उद्ध्वस्त मुलुखांत जाऊन कांहीं ठाण्यांवरील नोंदी हातानें आणाव्या लागल्या. त्यांवरून काठमांडूची भूमि दक्षिणेकडे एक मीटराहून अधिक सरकली व जवळजवळ एक मीटर वर उचलली गेली, हें तर कळलेंच; शिवाय ती कशी हेलकावली हेंहि कळलें. ज्या पुरातन तळ्याच्या गाळावर तें शहर वसलें आहे तो गाळ सुमारें चार-पांच सेकंदांच्या संथ झोक्यानें डोलला. असा झोका उंच इमारतींना घातक. ठेंगण्या घरांना लागणारे जलद हादरे त्या मानानें कमी बसले. एवढ्या मोठ्या भूकंपांत शहरांतील पुष्कळशीं लहान घरें उभीं राहिलीं आणि मनोरे पडले, याचा उलगडा या नोंदींनीं होण्यास साहाय्य झालें. पुढचा भूकंप निराळ्या प्रकारें हालवील, हेंहि त्याबरोबर ध्यानांत आलें. त्या यंत्रांनीं केवळ दिवसाचें सरासरी स्थान ठेवलें असतें, तर शहर हललें एवढेंच समजलें असतें. तें कसें हललें, यावर पुढच्या घरांची बांधणी अवलंबून आहे.

त्या भूकंपानें दुसरा प्रश्न उभा केला: सगरमाथ्याची, म्हणजे एव्हरेस्टची, उंची बदलली काय? भारतीय सर्वेक्षण खात्याच्या बी. एल. गुलाटी यांनीं १९५४ सालीं काढलेली ८,८४८ मीटर, म्हणजे २९,०२८ फूट, ही उंची बहुतेक सर्वत्र मान्य होती. १९९९ सालीं अमेरिकन मोहिमेनें शिखरावर ग्राहकयंत्र नेऊन ८,८५० मीटर सांगितली. २००५ सालीं चीननें ८,८४४.४३ मीटर सांगितली. यांत कोणी खोटें बोलत नव्हतें. चीनचा आंकडा बर्फाखालील खडकाचा होता, इतरांचा बर्फाच्या माथ्याचा. शिवाय उपग्रहांवरून निघणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते; ती पृथ्वीच्या गणिती, गुळगुळीत आकारापासूनची असते. मुंबईच्या किनाऱ्यावर उभें राहून ही उंची पाहिली तर ती शून्याच्या साठांहून अधिक मीटर खालीं दिसते, आणि तरी पाय कोरडेच असतात. समुद्रसपाटी हिमालयाखालीं कोठें पोंचली असती हें ठरविण्यास गुरुत्वाकर्षणाचीं मोजमापें लागतात.

नेपाळच्या सर्वेक्षण खात्यानें प्रथमच हें काम स्वतः करावयाचें ठरविलें. २२ मे २०१९ रोजीं पहाटे तीनच्या सुमारास खात्याचे अधिकारी खिमलाल गौतम व त्यांचे सहकारी काळोखांत शिखरावर पोंचले. त्याच दिवशीं पुढें शिखराखालच्या कड्यावर गिर्यारोहकांची जी लांबलचक रांग लागली तिचें छायाचित्र जगभर गाजलें. शांतता हवी तर रात्रींच जावयास हवें होतें. तेथें त्यांनीं अँटेना उभी केली, बर्फाची जाडी मोजणारें रडार चालविलें, आणि एक तासाहून अधिक काळ थांबले. ज्या जागीं बहुतेक लोक छायाचित्र काढून कांहीं मिनिटांत परततात, तेथें तासभर स्थिर राहणें म्हणजे काय तें सांगावयास नको. हिमदंशानें गौतम यांच्या पायाचें एक बोट गेलें. त्यांनीं शिखरावरून जें आणलें तें उंची नव्हती. ती एक नोंद होती: इतक्या वाजतां अमुक उपग्रहाच्या तरंगाची मोजणी अमुक. खालच्या ठाण्यांवर त्याच वेळीं घेतलेल्या नोंदी, पायपिटीनें केलेलें समतलन, गुरुत्वाकर्षणाचीं मोजमापें, हीं सारीं एकत्र करून गणित करण्यास पुढें पुष्कळ काळ लागला. २७ मे २०२० रोजीं चीनचें पथकहि आपल्या बाजूनें चढून अडीच तास शिखरावर राहिलें. ८ डिसेंबर २०२० रोजीं दोन्ही देशांनीं मिळून ८,८४८.८६ मीटर ही उंची जाहीर केली. दोन देशांचीं दोन उत्तरें नुसतीं शेजारीं मांडलीं असतीं तर वाद चालूच राहिला असता; मोजमापांची छाननी होऊं शकली, म्हणून एकमत झालें.

पर्वताची उंची सेंटिमीटरांनीं इकडेतिकडे झाल्यानें कोणाचें पोट मारलें जात नाहीं. शेताच्या बांधाची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रांत बांधाच्या हातभर जमिनीपायीं भावाभावांत पिढ्यान् पिढ्या दावे चालतात. भूमि अभिलेख खात्याच्या मोजणींत आतां उपग्रहीय यंत्रें वापरलीं जातात, आणि भारतीय सर्वेक्षण खात्याच्या कायम ठाण्यांचें जाळें महाराष्ट्रांतहि आहे. भूकरमापक हातांत काठी घेऊन बांधावर उभा राहतो. कायम ठाण्याकडून दुरुस्तीचे आंकडे मोबाइलच्या मार्गें त्याच क्षणीं येतात, आणि यंत्र कांहीं सेकंदांत सेंटिमीटरांपर्यंतचें स्थान दाखवितें. ही फार मोठी सोय आहे. सांखळी ओढीत दिवसदिवस घालविण्याचे कष्ट तिनें वांचविले. पण या घाईंत यंत्रानें पुऱ्या तरंगांची संख्या चुकीची धरली, विशेषतः झाडाखालीं किंवा भिंतीलगत, तर दाखविलेला आंकडा कधीं कधीं हातभर चुकूनहि ठाम दिसतो.

अशा प्रसंगीं दोन भावांपैकीं एकानें आक्षेप घेतला, तर त्याला काय दाखवावयाचें? 'यंत्रानें असें सांगितलें' हें उत्तर पुरेसें नाहीं. यंत्राला उलटतपासणी घेतां येत नाहीं. त्या वेळची मूळ नोंद जपलेली असेल तर मात्र दुसरा तज्ज्ञ, दुसऱ्या कंपनीच्या गणितानें, ती पुन्हां पडताळूं शकतो. त्या क्षणीं किती उपग्रह दिसत होते, कोणत्या संकेतांत खंड पडला, हें पाहूं शकतो. नोंद जपण्यास यंत्रांत एक कळ दाबण्यापलीकडे फारसे श्रम नाहींत. जागाहि थोडी लागते. लागते ती एक मनाची तयारी: आपण केलेली मोजणी उद्यां दुसरा तपासील आणि तींत चूक काढील, ही गोष्ट आजच मान्य करण्याची. पेढीवरचा जो मुनीम रोजकीर्द उघडी ठेवतो तो कधीं चुकत नाहीं असें नाहीं. त्याची चूक सांपडूं शकते, म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो.

रोजकीर्द ठेवली म्हणजे सत्य हातीं आलें, असेंहि कोणी मानूं नये. चुकीच्या खुणेवर तिपाई उभी केली तर मूळ नोंद त्या चुकीच्या जागेचीच निर्दोष साक्ष देते. झाडाखालीं घेतलेली नोंद कितीहि जपली तरी आकाश मोकळें होत नाहीं. आणि नोंद जपणें म्हणजे ती कोठेंतरी पडूं देणें नव्हे. कंपनीच्या खासगी लिपींतील नोंद कंपनी बुडाल्यावर वाचतां येईलच असें नाहीं. म्हणून ती सामाईक नमुन्यांत उतरवून, सोबत जागेचें वर्णन, तारीख, अँटेनाचें नांव लिहून, दोन ठिकाणीं ठेवणें शहाणपणाचें.

या रोजकीर्दीचें दार आतां सामान्य माणसालाहि किलकिलें झालें आहे. २०१६ सालापासून अँड्रॉइड पद्धतीच्या पुष्कळ फोनांतून उपग्रहांचीं मूळ मोजमापें बाहेर काढतां येऊं लागलीं. फोनची लहानशी अँटेना भूमापकाच्या अँटेनाची बरोबरी करूं शकत नाहीं, हें खरें. पण ज्या घरांत शाळा-महाविद्यालयांत जाणारीं मुलें आहेत, त्या घरांत गच्चीवर तासभर फोन स्थिर ठेवून ही नोंद उघडून पाहण्यासारखी आहे. निळ्या ठिपक्यामागें वीस हजार किलोमीटरांवरून येणारे किती क्षीण आवाज आहेत, त्यांतील किती भिंतीवर आपटून आले, आणि त्यांतून एक उत्तर काढतांना यंत्रानें किती गोष्टी गृहीत धरल्या, तें त्या रकान्यांत दिसतें.

वातावरणाचें ज्ञान अजून वाढणार आहे, कक्षा अधिक बारकाईनें कळणार आहेत, गणिताच्या नव्या रीति निघणार आहेत. आज घेतलेल्या मोजणीवर पुढें बसणारा सिकदार कदाचित् अजून जन्मालाहि आला नसेल. त्याला आजच्या माणसांचीं उत्तरें फारशीं उपयोगीं पडणार नाहींत. त्याला रोजकीर्द लागेल, आणि तिच्या पहिल्या पानावर अँटेनाची उंची बरोबर लिहिलेली असावी लागेल.